पालथी बादली

सकाळी आठची वेळ असेल. मोबाईलवर भाऊजींचं नाव दिसलं आणि मी उचलल्या उचलल्या सुरू झालो, "भाऊजी, बरं झालं तुम्हीच फोन केला. त्या गादीच्या कव्हरची चेन झाली का? ऊन तापून राहिलं, संध्याकाळी टेरेसवर बसायची पंचाईत झाली आहे." पलीकडे कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं… मग ताईचा आवाज आला. "शरद, हे गेले गा." भाऊजींच्याच फोनवरून तिनं पहिला फोन मला लावला होता. पहाटे उठले, पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले ते झालेच. ताई चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा अंग गार पडलं होतं. माझी बहीण मला तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी सांगायला धडपडत होती आणि मी तिला चेनचं विचारत होतो. इथूनच सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं याच चालीचं आहे.

रविवारच्या पुरवणीतले असे लेख मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. गेलेल्या माणसाचा मोठेपणा सांगता सांगता लिहिणाराही त्यात बराच मोठा होऊन जातो. माझी तशी सोय नाही. वामनराव, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मला स्वतःबद्दल वाईट लिहावं लागेल. आणि ते लिहिण्याआधी एका माणसाला तोंडानं सांगावं लागणार होतं. ते टाळत टाळत मी सहा-सात आठवडे काढले. मागच्या आठवड्यात सांगून झालं, म्हणून आज लिहितोय.

भाऊजी नरखेडकडचे. घरची थोडी संत्र्याची बाग, भाऊ तिघं. बागेत सगळ्यांचं भागणार नाही म्हणून हे नागपुरात आले आणि एका सरकारी खात्याच्या फर्निचर दुरुस्तीच्या शेडमध्ये लागले. तेव्हा साहेब लोकांच्या खुर्च्यांना वेताची जाळीदार बैठक असायची. ती फाटली की भाऊजींकडे यायची. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या बाजूला घेऊन ते आधी उभ्या ओढायचे, मग आडव्या, मग तिरप्या, आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची पुन्हा साहेबाचं वजन झेलायला तयार. पुढे फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या, वेताचं काम संपलं आणि नोकरीची शेवटची दहा वर्षं त्यांनी टेबला-कपाटांवर रंगानं नंबर टाकण्यात काढली. त्याबद्दल कधी कुरकुर नाही. "काम गेलं, हात तर आहेत ना गा," म्हणायचे.

बारावीनंतर मी शिकायला नागपूरला आलो तो त्यांच्याच दोन खोल्यांत. तीन वर्षं राहिलो. आतली खोली मला, बाहेरची त्या दोघांना. भंगारात निघालेली एक खुर्ची त्यांनी साहेबांना विचारून घरी आणली, तिचे पाय घट्ट केले, नवी बैठक विणली आणि मला म्हणाले, "बस. गादीवर झोप येते, वेतावर येत नाही." त्या खुर्चीवर बसून मी पदवी घेतली. मग नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, बेसा रोडला घर झालं. ती खुर्ची कुठं गेली हे मला आज सांगता येणार नाही.

आमच्याकडे जावयाचा मान काय असतो, हे मी वाचकांना सांगायला नको. जावई घरात असताना त्यानं पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला तरी बायकांना चुकल्यासारखं होतं. अधिक महिन्यात तर त्याची बरोबरी थेट देवाशी. आई होती तोवर तिनं आणि ती गेल्यावर मी, दर तिसऱ्या वर्षी भाऊजींना पाटावर बसवून, ताटात पाय धुवून, तेहतीस अनारशांचं वाण दिलं. त्यांना त्याचा फार संकोच. पाय मागे ओढायचे. "कायले गा, भेगा पडल्या आहेत, तुह्या हाताले टोचतीन." तेच पाय माझ्या मागच्या जिन्यानं बादली घेऊन टेरेसवर चढत, आणि तेव्हा मात्र मला कसला संकोच वाटत नसे.

झालं असं की घर बांधल्यावर आम्ही टेरेसवर ठेवायला बैठकीचा सेट घेतला. कोपऱ्यात बसणारा मोठा सोफा, दोन खुर्च्या, मधे लाकडी फळीचं टेबल, पांढरट गाद्या. दिसायला वेत, पण प्लास्टिकचा. दुकानदार म्हणाला, ऊन असो पाऊस असो, याला काही होत नाही आणि याचं काही करावंही लागत नाही. भाऊजींनी त्या विणीवरून अंगठा फिरवला आणि हसले. "ऊन नागपूरचं आहे गा. ते सगळ्यायले पाहून घेते." तसंच झालं. उन्हाळ्यात गाद्यांचा रंग उडाला, पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटले, आणि राहिलेलं काम कबुतरांनी पुरं केलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, संडास धुवायचं औषध लावून पाहिलं. ठिपके राहिले आणि उरलासुरला रंग गेला. तेव्हापासून भाऊजी येऊ लागले. होळीच्या आधी एकदा, पाऊस संपल्यावर एकदा, आणि अधूनमधून मन होईल तेव्हा. मी त्यांना बोलावलं नव्हतं. येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

त्यांची एक कापडी पिशवी होती. तिच्यात दात घासायचे जुने ब्रश, फाटक्या बनियनचे तुकडे, जवसाच्या तेलाची बाटली, आणि आदल्या दिवशी भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी. बादल्या आमच्या. एक पाण्याची आणि एक पालथी घालून बसायची. कबुतरांच्या घाणीवर आधी ओला फडका टाकून ठेवायचे. "घासशीन तर आत जाते, भिजवशीन तर सुटते. घाई नाही करायची." मग विणीच्या एकेका खाचेतून ब्रश फिरे. खुर्ची तिरपी करून पायांची रबरी बुचं काढत, कारण आत साचलेलं पाणी पायाला आतून खातं. गादीचा स्पंज पिळायचा नाही, तळव्यांनी दाबायचा आणि सावलीत उभा करून ठेवायचा, आडवा नाही. शेवटी टेबलाच्या फळीला जवसाच्या तेलाचा हात, लाकडाच्या रेषेरेषेनं. तो तेलाचा फडका ते कठड्यावर पसरून वाळवत. एकदा मी तो उचलून बोळा करून डब्यात टाकला तर माझ्यावर ओरडले. आयुष्यात तेवढं एकदाच. "बोळा करून ठेवू नको! आपल्याच गरमीनं पेटते तो. शेडमध्ये पाहिलं आहे मी." मला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं.

रश्मीचं, आमच्या मुलीचं, लग्न ठरत होतं. दसरा झाल्यावरच्या रविवारी मुलाचे आईवडील संध्याकाळी पाचला यायचे होते आणि चहा टेरेसवर द्यायचा बेत होता. भाऊजींना हे ताईकडून कळलं आणि ते सकाळीच हजर. "पोरीचे सोयरे येऊन राहिले, सेट कसा चकाचक पाहिजे." पाचच्या आत आवरून, सोबत आणलेला पांढरा सदरा घालून, तेही बैठकीत बसणार होते. मुलीच्या आत्याचे यजमान म्हणून तो त्यांचा मानच होता. पण पाहुणे साडेतीनलाच आले. दुसरीकडचं काम लवकर आटोपलं म्हणे. सुनंदाची खाली धांदल उडाली, म्हणून मी पाहुण्यांना घर दाखवत दाखवत वर नेलं.

वर भाऊजी पालथ्या बादलीवर बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात भोकं पडलेलं बनियन, हातात ब्रश, मांडीवर खुर्चीचा पाय. मुलाची आई, म्हणजे आज ज्या माझ्या विहीणबाई आहेत त्या, सेट पाहून हरखल्या. "अगबाई, किती छान ठेवलाय! आमचा तर पार काळा पडलाय हो. कुठं मिळाला तुम्हाला हा माणूस? आमच्याकडे पाठवाल का एकदा?" बाईंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. जे दिसलं त्यावरून त्यांनी विचारलं. भाऊजींनी ब्रश खाली ठेवला होता, हात बनियनला पुसले होते, आणि नमस्कार करायला ते अर्धे उठलेही होते. माझ्याकडे पाहत होते… ओळख मी करून द्यायची होती. एका वाक्याचं काम होतं. हे आमच्या घरचे जावई, माझे भाऊजी. मी म्हणालो, "हो हो, पाठवतो ना." भाऊजी पुन्हा बादलीवर बसले.

असं का म्हणालो, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. ती धरमपेठेसारख्या बड्या वस्तीतली माणसं, मी त्यांच्यासमोर तोंड आवळून पुस्तकी मराठी बोलत होतो. मुलीचं जमायचं होतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट मनात चमकून गेली. हे आमचे जावई म्हटलं असतं तर जावयाला घासायला बसवणारे लोक म्हणून आम्हीच उघडे पडलो असतो. म्हणजे मला भाऊजींची लाज वाटली की माझी स्वतःची, हे मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही असावं. पाहुण्यांना घेऊन खाली उतरताना मी वळून पाहिलं नाही. पुढे चहा झाला, रश्मी आली, बोलणी जमली. भाऊजी मागच्या जिन्यानं केव्हाच निघून गेले होते. पांढरा सदरा घडीचा घडीतच परत गेला.

आठ दिवस मी त्यांना फोन केला नाही. नवव्या दिवशी त्यांचाच आला. "शरद, विहीनबाईचा पत्ता दे गा." मी म्हटलं, "भाऊजी, राहू द्या, मी सांगतो त्यायले काहीतरी." "काय सांगशीन? पाठवतो म्हनून बसला तू. नाही गेलो तर विचारतीन, मंग तूच तोंडघशी पडशीन. पोरीचं काम आहे." मी पत्ता दिला. नुसता पत्ता नाही. कुठं वळायचं आणि फाटक कोणत्या रंगाचं, तेही नीट समजावून सांगितलं. भाऊजी तिथं दोन दिवस जाऊन काम करून आले. त्यांचा सेट कसा निघाला हे मला विहीणबाईंच्या तोंडून कौतुकानं कळलं, आणि मी ते कौतुक ऐकून घेतलं.

लग्नात आपल्याकडे सोयऱ्यांच्या भेटी होतात. दोन्हीकडची माणसं नाव पुकारून समोर येतात, मामाला मामा भेटतो, काकाला काका. लग्नाच्या दोन दिवस आधी भाऊजी मला म्हणाले, "माहा गुडघा लय दुखून राहिला गा. भेटीत माहं नाव घेऊ नको." गुडघा दुखत होता हे खरंच. पण त्याच गुडघ्यावर ते लग्नाच्या दिवशी सकाळपासून मागे स्वयंपाकाच्या मांडवात उभे होते, वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवून. त्यांनी तसं म्हटल्यावर मला हायसं वाटलं. या सगळ्यात मी जे जे केलं त्यातल्या या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. रश्मीच्या लग्नाचा अल्बम चांगला जाडजूड आहे. त्यात तिच्या आत्याचे यजमान एकाही फोटोत नाहीत.

त्यानंतरही ते येत राहिले. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो. मी चहा वर नेऊन द्यायचो, उभ्या उभ्या दोन शब्द बोलायचो आणि काहीतरी काम आठवून खाली यायचो. यंदा होळीच्या आधी आले ती शेवटची खेप. कोपऱ्यातल्या सोफ्याच्या गादीची चेन तुटली होती. "घरी बसून लावतो," म्हणत त्यांनी कव्हर घडी करून पिशवीत घातलं, सेटवर कापड ओढलं आणि नाड्यांना त्यांची ती एका ओढीत सुटणारी सरकगाठ मारली. जिना उतरताना कठड्याला धरून दोनदा थांबले. मी खालून विचारलं, "काय झालं?" "काही नाही गा, गुडघा." माझ्या हातात कारची किल्ली होती, मी बाहेरच निघालो होतो. घरी सोडून देतो म्हणायचं मला सुचलं नाही.

ते गेल्यावर, तेरवीच्या आधी, विहीणबाई रश्मीला घेऊन ताईच्या घरी नंदनवनला भेटायला आल्या. खुर्चीवर भाऊजींचा फोटो, हार, समोर दिवा. बाईंनी फोटोसमोर हात जोडले आणि ते हात तसेच राहिले. मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "हे… आमच्याकडे आले होते." ताईनं डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "हो ना. मले सांगितलं होतं त्यायनं. सोताच म्हटलं म्हने शरदले, सोयऱ्याचं काम ते आपलंच काम, मी पाहून येतो. तुम्ही लय मान केला म्हने त्यायचा. समोर बसवून जेवू घातलं." विहीणबाई "हो" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या? निघताना फाटकाजवळ त्या मला हळूच म्हणाल्या, "पायरीवर बसून चहा घेतला हो त्यांनी. मी वरून कप दिला. तुम्ही मला सांगायला हवं होतं." त्यांना रडू आवरत नव्हतं. काही दोष नसताना एका भल्या बाईला माझ्यापायी मान खाली घालावी लागली. मी "भाऊजींना आवडच होती त्या कामाची" असं काहीतरी पुटपुटलो. ताई आतच बसली होती. पाच पावलं चालून जायचं होतं, ते माझ्याच्यानं झालं नाही. तेलाच्या फडक्याचं भाऊजी बरोबर सांगत होते. बोळा करून ठेवला की तो आत तापतच राहतो.

नवरा गेलेल्या बहिणीला भावानं चार दिवस घरी आणायचं असतं. माझ्या हातून तेही लांबत गेलं आणि अधिक महिना लागला. यंदा वाण कुणाला, हे सुनंदानं विचारलं नाही, मीही बोललो नाही. मागच्या आठवड्यात एकदाचं ताईला आणलं. ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "चाल, वर जाऊ." हातात भाऊजींची कापडी पिशवी होती. वर येऊन तिनं कापडाची नाडी ओढली आणि गाठ एका ओढीत सुटली. होळीपासून तिथं कुणी हात लावला नव्हता. गाद्या त्यांनी ठेवल्या तशाच उभ्या होत्या, कोरड्या खटखटीत. ताईनं पिशवीतून कव्हर काढलं. धुतलेलं, घडी घातलेलं, नवी चेन लावलेलं. गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते पुरं केलं होतं. ती कोपऱ्यातल्या गादीला कव्हर घालू लागली, मी दुसरी बाजू धरली.

"हे त्यायच्याच जागेवरचं ना गा?" तिनं विचारलं.

"कोनत्या जागेवरचं?"

"बसत होते ना ते इथं. घरी आले का मले सांगत. काम झालं का शरद मले त्या कोपऱ्यातल्या मोठ्या सोफ्यावर बसवते, सोता चहा आनते, मंग आमी दोघं बोलत बसतो. लय छान वारा येते म्हने तिथं. मी म्हनो, मले एकदा दाखवा. दाखवीन म्हने."

घरी जाऊन ते हे सांगत होते… इतकी वर्षं. मला नुसतं हो म्हणता आलं असतं. ताई सुखानं तिथं बसली असती, खालून चहा आला असता, आणि हा लेखही दुसऱ्या तऱ्हेचा झाला असता.

"ताई," मी म्हटलं, "ते बसले नाही इथं. कधीच नाही. मी बसा म्हटलंच नाही त्यायले." आणि कठड्याजवळची पालथी बादली दाखवली. मग त्या दसऱ्यानंतरच्या रविवारपासून सगळं सांगितलं. पाठवतो म्हटल्याचं, पत्ता दिल्याचं, गुडघ्याचं, हायसं वाटल्याचं. ताईनं चेन शेवटपर्यंत ओढली, गादीवरून हात फिरवून सुरकुती काढली, गादी सोफ्यावर नीट बसवली. मग त्या सोफ्याला वळसा घालून ती कठड्याकडे गेली, पदरानं बादलीचा तळ पुसला आणि तिच्यावर बसली.

"वारा तर इथंही येते गा," ती म्हणाली.